सामाईक विहीर आणि फुकटचें ऊन

आमच्या मूळ गांवीं वाड्यापासून दोन शेतें टाकून एक विहीर आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर तिच्यापुढें चार घरांचीं नांवें आहेत आणि प्रत्येक नांवासमोर ‘चार आणे हिस्सा’ असा उल्लेख आहे. आणे व्यवहारांतून जाऊन किती तरी वर्षें झालीं; या विहिरींत मात्र ते अजून चालूं आहेत. आमच्या आजोबांच्या वेळीं चार भावांच्या चार पाळ्या असत. ज्याची पाळी त्याची मोट, बाकीच्या तिघांनीं त्या दिवशीं विहिरीकडे फिरकावयाचें नाहीं, असा दंडक होता. भावाभावांत अबोला असला तरी पाळी मोडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

या शिस्तीचें सगळें श्रेय आमच्या पूर्वजांच्या सदाचरणास द्यावें असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. निम्में श्रेय बैलांचें आहे. मोटेचे बैल दुपारीं थकत, संध्याकाळीं सुटत. रात्रभर विहिरीचे झरे वाहत आणि पहांटेपर्यंत पाणी पुन्हां वर येई. उपसणाऱ्याची शक्तीच बेताची असल्यामुळें विहिरीस विश्रांति मिळे. पुढें तेलाचें इंजिन आलें, मग विजेची मोटर आली, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत चार घरांपैकीं तीन घरांनीं, त्यांत आमचेंही आलें, आपापल्या शेतांत स्वतंत्र बोअर घेतले. पाळीचा प्रश्न एकदांचा मिटला, असें त्या वेळीं सर्वांस वाटलें. तो असा मिटला कीं आतां पौष उजाडला म्हणजे सामाईक विहिरींत खडक दिसतो. चौथें घर आमच्या काकूंचें. बोअर घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. त्यांचे चार आणे त्या खडकावर आहेत.

गेल्या वर्षीं आमच्या चुलत पुतण्याचा निरोप आला. “काका, विहिरीवर सौरपंपासाठीं अर्ज भरला आहे. विहीर सामाईक असल्यामुळें हिस्सेदारांचें संमतिपत्र लागतें, सही करून पाठवा.” आमची जमीन वांट्यानें तोच करतो. योजना सरकारी आहे; २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें ‘मागेल त्याला सौर कृषि पंप’ या नांवानें ती सुरू केली. साधारण शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा, अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यानें विसावा, आणि बाकीचा भार सरकारनें उचलावयाचा. विहिरीच्या तळाशीं बोअर मारून पाणी लागलें तर हा पंप त्यावर बसवावा, असा पुतण्याचा बेत होता. शहरांत राहणाऱ्या आणि गांवीं नांवापुरती जमीन असलेल्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असे कागद येत असतील. सही करण्यास कितीसा वेळ लागतो? पण तो कागद आमच्या टेबलावर आठ दिवस पडून राहिला. त्या आठ दिवसांत जें वाचलें, विचारलें आणि आठवलें, तें वाचकांपुढें मांडीत आहों.

सौरपंपाचे गुण कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. शेतीची वीज वर्षानुवर्षें पाळीपाळीनें कधीं दिवसा, कधीं रात्रीं मिळत आली. पौषाच्या थंडींत रात्रीं दोन वाजतां बॅटरी हातीं घेऊन दारें धरावयास जाणें म्हणजे काय, विंचू-सापाची धास्ती कशी असते, डीपी जळली म्हणजे उभें पीक डोळ्यांदेखत कसें वाळतें, हें शेतावर राहणाऱ्यास सांगावयास नको. ऊन दिवसा येतें, त्याचें बिल येत नाहीं, आणि त्यासाठीं डिझेलचा कॅन घेऊन रांगेंत उभें राहावें लागत नाहीं. सूर्यास रोज सकाळीं पाण्याचें अर्घ्य देणाऱ्या आमच्या मातोश्री आज असत्या, तर सूर्यानें तें पाणी असें परत केलेलें पाहून त्यांस फार समाधान वाटलें असतें.

परंतु फुकट मिळणाऱ्या वस्तूंत एक दोष असतो. ती पुरे केव्हां म्हणावी हें सांगणारें कोणी नसतें. बैल थकत. डिझेल महाग म्हणून शेतकरी इंजिन वेळेवर बंद करी. विजेचे तासच मोजके. सौरपंपास मात्र एका तासास जो खर्च तोच आठ तासांस, म्हणजे शून्य. आणि आपल्या पायांखालीं काय आहे, हेंही पाहिलें पाहिजे. महाराष्ट्राचा सुमारें चार-पंचमांश भाग बेसाल्टच्या काळ्या पाषाणावर आहे. गंगाकांठच्या गाळाच्या जमिनींत पाणी खोलवर भरलेलें असतें, तसें येथें नाहीं. येथें तें राहतें मुरमाच्या थरांत आणि खडकाच्या भेगांत. पावसाळ्यांत भरतें आणि उन्हाळ्यापर्यंत सरतें. शेजाऱ्याच्या बोअरची आणि आपल्या विहिरीची भेग एकच असूं शकते. आमच्या गांवीं ती तशी होती हें आम्हांस उशिरा कळलें.

पाणी आणि वीज यांचा संबंध किती निकटचा आहे हें एका हिशेबानें दिसेल. पाणी ६० फुटांवर असेल आणि पंप विजेपैकीं ४० टक्के शक्ति प्रत्यक्ष कामीं लावीत असेल, तर एका युनिटांत सुमारें ८,००० लिटर पाणी वर येतें. तेंच पाणी १८० फुटांवर गेलें कीं एका युनिटांत जेमतेम २,७०० लिटर येतें. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारें एक लाख लिटर. पाटानें तीन इंच पाणी द्यावयाचें तर तीन लाख. पहिल्या ठिकाणीं ३७-३८ युनिटें लागतात, दुसऱ्या ठिकाणीं ११०च्या वर. तेव्हां ज्या गांवानें पाण्याची पातळी राखली त्यानें वीजही राखली. ही पातळी कोणा एकाच्या मालकीची नसते, म्हणून ती राखणें हें एकट्याचें कामही नाहीं. पुतण्याच्या अर्जांत पंपाची शक्ति, जमिनीचें क्षेत्र, बँकेचा खातेक्रमांक हें सर्व होतें. पाणी कोणीं, किती आणि कोणत्या पिकास घ्यावें याविषयीं एक ओळही नव्हती. अर्जाचा तो विषयच नव्हे, हें आम्हांस मान्य आहे.

हा विषय आपल्या लोकांनीं पूर्वीं कसा सोडविला, हें पाहावयाचें तर खानदेशांत जावें. धुळे जिल्ह्यांतील पांझरा आणि नाशिक जिल्ह्यांतील मोसम वगैरे नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत, आणि त्यांवर फड नांवाची पद्धत तीन-चारशें वर्षें चालत आली. बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा तीन किंवा चार मोठे तुकडे पाडीत. त्या प्रत्येकास फड म्हणावयाचें. एका फडांत एका वेळीं एकच पीक. एका फडांत ऊंस असेल तर दुसऱ्यांत गहूं किंवा हरभरा, तिसऱ्यांत खरिपाचें पीक, एखादा पडीक. आणि दरसाल हीं पिकें फडाफडांतून फिरावयाचीं. खरें मर्म असें कीं शेतकऱ्याची जमीन साधारणतः प्रत्येक फडांत थोडी थोडी असे. पाणी कमी पडलें आणि एक फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटा एकाच्या डोक्यावर न पडतां सर्वांच्या वांट्यास थोडाथोडा येई. कोणी आपल्याच शेताचें रडगाणें गाऊं शकत नसे, कारण शेजाऱ्याचेंही तेंच शेत कोरडें असे.

त्यांची व्यवस्थाही पाहण्यासारखी होती. पाणी सोडणारा तो पाटकरी. त्याच्यावर देखरेख हवालदाराची. पिकाची राखण जागल्याची. हे सर्व गांवानें नेमलेले, आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीं जमिनीच्या प्रमाणांत धान्यानें वगैरे द्यावयाचा. पाणी कोणाच्या शेतांत केव्हां जाईल हें पाटकरी ठरवी. शेतकऱ्यानें स्वतः दार फोडावयाचें नाहीं. पाटाचा गाळ दरसाल सर्वांनीं मिळून काढावयाचा. नदींत पाणी किती आहे हें पाहून यंदा किती फड भिजवावयाचे हें बैठकींत आधीं ठरे, म्हणजे पेरणी पाण्याच्या मागें जाई. आज आपण बोअर मारतों, पीक लावतों, आणि मग पाणी पुरेल कीं नाहीं या चिंतेनें देवाकडे पाहतों. पुढें नद्यांच्या वरच्या अंगास धरणें झालीं, विहिरी आणि पंप आले, ज्यास त्यास आपल्या मनाचें पीक घेणें शक्य झालें आणि बऱ्याच बंधाऱ्यांवर ही पद्धत विरळ होत गेली. पंप येतांच सामाईक व्यवस्था मोडली, ही गोष्ट आमच्या विहिरीपुरती नाहीं, हें पाहून आम्हांस थोडा धीर आला आणि थोडी लाजही वाटली.

कोणी म्हणेल, जुन्या गोष्टी जुन्या काळीं शोभल्या. पण १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं जें घडलें तें कांहीं फार जुनें नाहीं. विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनियर व कारखानदार. दुष्काळी कामांवर खडी फोडणारीं माणसें पाहून ते अस्वस्थ झाले. गांवच्या देवस्थानची ४० एकर उजाड जमीन त्यांनीं खंडानें घेतली, उतारावर बांध घातले, पाणी अडविलें आणि त्या माळावर धान्य काढून दाखविलें. येथवर ही एका कर्तबगार गृहस्थाची गोष्ट आहे आणि अशा गोष्टी आपल्याकडे अधूनमधून होतात. त्यांनीं पुढें जें केलें तें निराळें आहे. पाणी पंचायत या नांवानें त्यांनीं गटागटांनीं उपसा योजना उभ्या केल्या आणि त्यांस नियम घातला कीं पाणी जमिनीच्या मानानें मिळणार नाहीं, माणसांच्या मानानें मिळेल. घरांत माणसें किती तें मोजावयाचें. माणशीं अर्धा एकर भिजेल एवढें पाणी आणि एका कुटुंबास अडीच एकरांपर्यंत. ऊंस लावावयाचा नाहीं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकतां यावयाचा नाहीं. आणि ज्यास जमीनच नाहीं त्यासही पाण्याचा वांटा.

हा शेवटचा नियम प्रथम ऐकतांना विचित्र वाटतो. जमीन नाहीं त्यानें पाणी घेऊन काय करावें? तर तें घेऊन त्यानें दुसऱ्याची जमीन वांट्यानें करावी. पाणी हें जमिनीच्या पोटांतलें असलें तरी जमीनमालकाच्या पोटासाठींच आहे असें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. सात-बारावरील आमचे चार आणे आणि काकूंचे चार आणे कागदावर सारखेच आहेत. खालीं विहिरींत ते सारखे राहिले नाहींत, आणि त्यास कारण आमचा बोअर आहे, हें आम्हांस नायगांवची हकीकत वाचतांना जितकें स्पष्ट दिसलें तितकें पूर्वीं कधीं दिसलें नव्हतें. विलासराव २००२ सालीं वारले. उपसा योजनांचें सर्वत्र एकच मोठें दुखणें असे, तें म्हणजे विजेचें बिल. आणि नेमक्या याच दुखण्यावर ऊन हें औषध आहे.

सहकार हा शब्द उच्चारला कीं काम झालें, असें मानण्याची मात्र आपल्याकडे एक खोड आहे. प्रवरानगरास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ सालीं त्याचा पहिला गळीत हंगाम झाला, आणि शेतकऱ्यास ताठ उभें राहावयास त्यानें शिकविलें, यांत शंका नाहीं. पण त्या वाटेनें पुढें जे कारखाने निघाले त्यांनीं दुष्काळी मुलुखांतही ऊंस नेला आणि तो ऊंस विहिरी पिऊन बसला. विजेचेंही तसेंच. १९६९च्या सुमारास देशांत प्रयोगादाखल पांच ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या. त्यांत तेव्हांच्या नगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील मुळा-प्रवरा ही एक आणि बेळगांवकडील हुकेरी ही दुसरी. हुकेरीची टिकली, मुळा-प्रवरेचा परवाना २०११ सालीं संपून तिचें वितरणाचें काम महावितरण कंपनीकडे गेलें. एकत्र येऊन वस्तु मिळविणें एक, आणि एकत्र येऊन ती जपून वापरणें दुसरें. दुसरें फार कठीण.

हें दुसरें काम ऊन आणि पाणी यांच्या बाबतींत कोणीं करून पाहिलें आहे काय, असें विचारतां आम्हांस गुजराथेंतील ढुंडी या गांवाचें नांव सांगण्यांत आलें. खेडा जिल्ह्यांतील ठासरा तालुक्यांत हें लहानसें गांव आहे. दुधाच्या सहकारानें नांवाजलेला तोच हा जिल्हा, त्यामुळें सकाळ-संध्याकाळ दूध मोजून देणें आणि मोजल्याप्रमाणें पैसे घेणें हें तेथील माणसांच्या अंगवळणीं पडलेलें. २०१६ सालीं तेथील सहा शेतकऱ्यांनीं सौर वीज उत्पादकांची सहकारी मंडळी नोंदविली. तोंवर ते डिझेल इंजिनानें पाणी काढीत. आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेच्या आणंद येथील मंडळींनीं, विशेषतः तुषार शहा या अर्थशास्त्रज्ञांनीं, त्यांच्यापुढें एक साधा विचार मांडला होता. शेतकऱ्यास ऊन फुकट मिळतें म्हणून तो पाणी उधळील अशी भीति असेल, तर उन्हास किंमत द्यावी. त्याच्या पंपावरील पॅनेलची जी वीज उरेल ती विकत घ्यावी, म्हणजे पंप बंद ठेवण्यांतही त्याची मिळकत होईल.

त्याप्रमाणें सहा पंपांवर मिळून ५६ किलोवॅटांहून थोड्या अधिक शक्तीचीं पॅनेलें बसलीं आणि तारांनीं तीं सरकारी वीजवाहिनीस जोडलीं गेलीं. मध्य गुजरातच्या वीज कंपनीनें मंडळीशीं २५ वर्षांचा करार केला. दर युनिटास ४ रुपये ६३ पैसे. कंपनी एकाच ठिकाणीं मीटर वाचते. प्रत्येक सभासदाच्या मीटरप्रमाणें पैशांची वांटणी मंडळी करते. कंपनीस सहा दारें हिंडावीं लागत नाहींत, आणि शेतकऱ्यासही एकट्यानें कंपनीच्या दारीं उभें राहावें लागत नाहीं. उलट सभासदांनीं सवलतीच्या विजेची शेतीजोडणी मागणार नाहीं असें कबूल केलें. वीज शुद्ध आणि पाणी वांचलें म्हणून जलसंस्थेनें आरंभीं दरावर कांहीं बक्षीसही दिलें. पुढें आणखी सभासद आले. २०१८ सालीं गुजराथ सरकारनें याच धर्तीवर सूर्यशक्ति किसान योजना काढली.

आमच्या वरच्या हिशेबास ढुंडीचा दर लावून पाहा. ६० फुटांवरील पाण्याची एक पाळी म्हणजे सुमारें पावणेदोनशें रुपयांची वीज. १८० फुटांवरील पाण्याची म्हणजे पांचशेंहून अधिक. पैसे हातीं यावयाचे आहेत, जावयाचे नाहींत. सकाळीं स्टार्टर दाबण्यापूर्वीं शेतकऱ्याच्या मनांत हा आंकडा आला, कीं पिकास खरोखरच तहान लागली आहे काय हें तो एकदां वाकून माती पाहून ठरवील. बैलांचा थकवा जें काम करी तें आतां हा आंकडा करूं पाहतो. शिवाय शेतीस पाणी वर्षांतून मोजके दिवस लागतें. वाहिनीशीं न जोडलेलें पॅनेल बाकीचे दिवस नुसतें ऊन खात उभें असतें. आमच्या पुतण्यास मंजूर झालेला पंप अशाच प्रकारचा, वाहिनीशीं संबंध नसलेला आहे.

तथापि ढुंडीनें सर्व कोडें सुटलें असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्या वर्षीं कांद्यास भाव चढतो त्या वर्षीं पांचशें रुपयांच्या विजेकडे कोण पाहतो? आणि शेजाऱ्यास पाणी विकून विजेहून अधिक पैसे मिळत असतील तर पंप चालूंच राहणार. विजेची किंमत हात आंखडावयास लावते, पण काकूंचा वांटा ती काढून ठेवीत नाहीं. त्यास नियमच लागतो, आणि नियमास मोजमाप लागतें. नाशिक जिल्ह्यांत वाघाड धरणाच्या कालव्यावर १९९१च्या सुमारास ओझर येथें बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या खटपटीनें पाणीवापर संस्था निघाल्या. पाणी संस्थेच्या दारीं मोजून घ्यावयाचें आणि आंत संस्थेनें तें वांटावयाचें, ही रीत त्यांनीं घालून दिली. २००३ सालीं सबंध प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या महासंस्थेकडे आला, आणि २००५ सालीं राज्यांत त्याविषयीं कायदाही झाला. महाराष्ट्रांत २०१७पासून गांवोगांवच्या शेतीवाहिन्यांस मोठ्या सौर केंद्रांतून दिवसा वीज देण्याची योजनाही चालूं आहे, आणि ती चांगली आहे. पण वाहिनी सौर झाली म्हणून वाहिनीवरील विहिरींची बैठक आपोआप भरत नाहीं.

नवव्या दिवशीं आम्ही सही केली. सहीबरोबर एक वेगळा कागद जोडला. पंप पुतण्याच्या नांवावर असला तरी विहिरीवर चार घरांच्या पाळ्या पूर्वींप्रमाणें राहाव्या. पाळी तासांवर नको; सकाळचा तास आणि दुपारचा तास उन्हांत सारखा नसतो आणि ढग आले तर दिवसही बुडतो. नळास पाण्याचें मीटर बसवावें, त्याचा खर्च आम्ही देऊं, आणि लिटरांवर वांटणी करावी. विहिरींत पाणी असेतों तिन्ही बोअर बंद ठेवावे. आमचा बोअर यंदापासून बंद. विहिरीवर ऊंस नाहीं. पुतण्यानें पाळी आणि मीटर मान्य केलें. उंसाविषयीं “बघूं” म्हणाला. बोअरविषयीं दुसऱ्या दोन घरांकडून अद्याप उत्तर नाहीं, आणि फोन केला तर मुलांच्या परीक्षांविषयीं बोलणें होतें.

काकूंना तो कागद त्यांच्या सुनेनें वाचून दाखविला. कार्तिकांत बांधाखालच्या तुकड्यांत हरभरा टाकीन म्हणतें, असा त्यांचा निरोप आहे. आणि आपली पाळी पूर्वीं सोमवारीं असे, ती तीच ठेवली आहे कीं बदलली, तें कळवावें.